मासेमारीच्या कयाकला घरी केलेली अँकर ट्रॉली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घेतलेली मराठी मंडळी मोजकीच आहेत, पण शंका भरपूर. चोरलच्या काठावर, सियागंजातल्या दुकानाच्या पायरीवर आणि एकदोनदा तर लग्नाच्या पंगतीतही विचारलेले हे प्रश्न आहेत. उत्तरं वर बसून वापरायच्या, कडक प्लास्टिकच्या, साधारण साडेतीन ते चार मीटर लांबीच्या कयाकसाठी आहेत. हवा भरायच्या कयाकबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

अँकर ट्रॉली म्हणजे नेमकं काय?

कयाकच्या एका अंगाला, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत फिरणारा दोरीचा वेढा. दोन्ही टोकांना एकेक कप्पी आणि वेढ्यात एक कडी. दोरी ओढाल तशी कडी पुढे नाहीतर मागे सरकते. नांगराचा दोर या कडीतून पाण्यात जातो, त्यामुळे नांगराची ओढ कयाकच्या कुठल्या टोकाला लागावी हे जागेवरून न उठता ठरवता येतं. एवढंच यंत्र आहे. यात मोटर नाही, गिअर नाही आणि बिघडण्यासारखंही फारसं काही नाही.

नांगर सरळ सीटजवळच्या हँडलला बांधला तर काय बिघडतं?

तलाव शांत असेल तर बराच वेळ काहीच बिघडत नाही, आणि म्हणूनच ही सवय लागते.

दोर मधोमध बांधला की कयाक वाऱ्याला किंवा प्रवाहाला आडवी होते. साडेतीन मीटरची अख्खी बाजू पाण्याला मिळते. प्रवाह कयाकला वाहून नेऊ बघतो, दोर तिला अडवून धरतो, आणि तो दोर तळाकडे तिरका गेलेला असल्यामुळे प्रवाहाकडची कड पाण्यात दाबली जाते. तुम्ही नेमके त्याच बाजूला वाकून दोर सोडवायला जाता. उलटण्यासाठी मग आणखी काही लागत नाही.

तीच कयाक टोकाने धरली तर पाण्यासमोर जेमतेम पाऊण मीटर रुंदी येते. शिवाय प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. मधल्या हँडलला बांधलेला दोर सकाळी चालून गेला म्हणून दुपारीही चालेल, असं धरून चालू नका.

हाताने दोर टोकापर्यंत नेऊन बांधायचा म्हटलं तर बसल्या जागेवरून टोक हाताला येत नाही, आणि गुडघ्यावर रांगत जाणं हा पाण्यात पडायचा जुना आणि खात्रीचा मार्ग आहे. ट्रॉली आहे ती याच्यासाठी.

इंदूरजवळ हे वापरायचं कुठे? आपल्याकडे समुद्र थोडाच आहे?

समुद्र नाही, पण वारा आहे. माळव्याच्या पठारावर उन्हाळ्यात दुपारनंतर असा वारा सुटतो की उघड्या तलावावर कयाक एका जागी राहत नाही. रोहू-कटलासाठी पिठाचा गोळा लावून बसणाऱ्याला तर एका जागी बसणं हाच सगळा खेळ आहे.

खंडवा रोडने सिमरोल ओलांडून गेलं की चोरलचं धरण लागतं, सुरुवात करायला ते पाणी चांगलं. हनुवंतियाकडचं इंदिरा सागर अवाढव्य आहे, तिथे वाऱ्याला मोकळं मैदान मिळतं आणि लाटा उठतात. महेश्वर, मंडलेश्वर, ओंकारेश्वरची नर्मदा हे वेगळं प्रकरण आहे, त्याचं उत्तर पुढे आहे.

सिरपूर आणि यशवंतसागर दोन्ही २०२२ साली रामसर यादीत आलेल्या पाणथळ जागा आहेत. यशवंतसागरचं पाणी शहर पितं. पक्षी बघायला जरूर जा, गळ घेऊन जाऊ नका.

बाकी तलाव बहुधा कुठल्या ना कुठल्या मच्छीमार समितीकडे पट्ट्यावर असतात. आधी विचारा, पावती घ्या. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा माशांच्या विणीचा बंद काळ असतो. त्या दोन महिन्यांत गळ घरीच. आणि महाशीर, ज्याला नर्मदाकाठी बाडस म्हणतात, तो आपला राज्यमासा आहे. लागलाच तर अलगद सोडा.

सियागंजातून काय काय आणायचं?

आधी मोजमाप घ्या, मग निघा. पुढच्या हँडलपासून मागच्या हँडलपर्यंतचं अंतर टेपने मोजा. त्याच्या दुप्पट आणि वर दीड-दोन मीटर, इतकी दोरी वेढ्याला लागते. कप्प्यांमधलं अंतर तीन मीटर असेल तर आठ मीटर आणा.

दोरी ४ मिलिमीटर जाडीची, विणलेली, पॉलिस्टरची. दुकानात नुसतं ‘दोरी’ म्हणालात तर पिवळी-निळी प्लास्टिकची दोरी वजनावर पुढे येईल. ती कडक असते, गाठ धरत नाही आणि उन्हात तिचा भुगा होतो. नायलॉन मजबूत आहे, पण ओला झाला की सैल पडतो आणि वेढा लोंबायला लागतो. तंबूला वापरतात तसली गोल विणीची पॉलिस्टर दोरी मागा. नांगराचा दोर वेगळा, तो ६ मिलिमीटरचा. ताकदीसाठी ४ मिलिमीटरही पुरला असता, पण बारीक ओला दोर ओढताना तळहात कापतो.

कप्प्या दोन, चाक नायलॉनचं, साधारण २५ मिलिमीटरचं. छताला टांगून कपडे वाळत घालायचा जो स्टँड घरोघरी असतो, त्याच्या कप्प्या मापाने अगदी बरोबर बसतात. मात्र त्यांचा आस बहुतेक वेळा लोखंडी निघतो. खिशात एक लोहचुंबक ठेवा. ३०४ नंबरच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, चिकटलंच तर अगदी नाममात्र. टपकन चिकटलं तर ती वस्तू पावसाळ्याआधीच गंजेल. आपलं पाणी गोडं आहे, तेव्हा समुद्रासाठीचं महागडं ३१६ स्टील घ्यायची गरज नाही.

याशिवाय स्टीलची एक गोल कडी (आतून ३० मिलिमीटर तरी मोकळी), दोन कॅराबिनर (दाबून उघडायच्या स्प्रिंगच्या कड्या), दोरी ओवायच्या दोन कडीवाल्या पट्ट्या म्हणजे पॅड-आय, एक क्लीट (दोर पकडून ठेवायची अडकण), एम-५ मापाचे स्टीलचे स्क्रू, नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले), रुंद वॉशर आणि अर्धा मीटर बंजी. बंजी म्हणजे स्कूटरवर सामान बांधायची ती कापड गुंडाळलेली इलॅस्टिकची दोरी. सायकलची जुनी ट्यूब घरात असेल तर ती जपून ठेवा, कामाला येणार आहे.

दुकानदार ‘भिया, इसका करोगे क्या?’ विचारणारच. ‘नाव में लगाना है’ एवढं सांगा. कयाक समजावत बसलात तर दुकान बंद व्हायची वेळ होईल.

आयतं किट मिळतं म्हणे. ते घेतलं तर?

घ्या की. सामान तेच असतं. फक्त किटमधले रिव्हेट आणि दोरीची लांबी दुसऱ्याच कुणाच्या कयाकसाठी ठरवलेली असते, तेव्हा टेप तुम्हालाही लावावाच लागतो.

कप्पी न लावता नुसती कडी चालेल का?

चालेल. घर्षण वाढतं, ओढताना जरा जोर लागतो, पण गंजायला आस नाही आणि वाळू अडकून चाकही बसत नाही. चिखलाच्या काठावरून कयाक ओढत नेणाऱ्याला मी कडीच सुचवेन.

डाव्या बाजूला लावू की उजव्या?

मासा ज्या बाजूने वर घेता त्याच्या विरुद्ध बाजूला. लागलेला मासा नांगराच्या दोराला वेढा घालायची संधी सोडत नाही. दोन्ही बाजूंना ट्रॉली लावायची हौस कुणाकुणाला असते. एक नीट लावा, तेवढी पुरते.

नव्या कोऱ्या कयाकला भोक पाडायला हात धजत नाही. पाडलंच पाहिजे का?

अजिबात नाही. पुढच्या आणि मागच्या हँडलला दोरीच्या लहान फाशाने कप्पी बांधा, वेढा ओवा, झालं. आधी असंच करून महिनाभर वापरून बघा. कडी कुठपर्यंत जाते, दोरी वल्ह्याला कुठे लागते, क्लीट हाताला कुठे हवी, हे सगळं पाण्यावर कळतं, अंगणात नाही. मग जिथे खरंच गरज वाटेल तिथेच भोक पाडा. बहुतेकांना मध्ये दोन पॅड-आय आणि एक क्लीट, एवढंच लागतं, म्हणजे एकूण सहा भोकं.

हँडल मात्र तपासा. काही कयाकचं हँडल दोन लहान स्क्रूंवर टांगलेलं असतं. ते कयाक उचलायला पुरतं, पण लाटेत बसणाऱ्या झटक्यांना पुरेल याची खात्री नसते. आरपार जाणारा दोर किंवा कयाकच्या अंगातच ओतलेली खोबण असेल तर निर्धास्त बांधा.

भोक पाडायचंच ठरलं. कसं पाडू?

जागा आधी. तुम्ही सामानासकट बसल्यावर पाणी जिथपर्यंत येतं त्याच्या बऱ्याच वर, सपाट भागावर, आणि शक्यतो झाकणातून आत हात घालून पोचता येईल अशा ठिकाणी. हात घालून आतून चाचपा. आत थर्मोकोलचा ठोकळा किंवा पाणी निचरायची नळी असेल तर जागा बदला.

खुणेवर कागदी चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट घसरत नाही. बिटावरही टोकापासून दीड सेंटिमीटरवर चिकटपट्टीचा वेढा द्या. तो वेढा प्लास्टिकला टेकला की थांबायचं. नाहीतर बिट आरपार जाऊन समोरच्या भिंतीची खबर घेतो.

मशीन मंद गतीवर ठेवा. बिटाभोवती कयाकच्याच रंगाची साल लांब वळसे घेत वर येऊ लागली की गती बरोबर आहे. साल न येता कडेला मऊ गोळा जमू लागला आणि मेणबत्ती विझवल्यासारखा वास आला, तर प्लास्टिक कापलं न जाता वितळतंय. थांबा, बिट गार होऊ द्या. भोकाच्या कडेचे तंतू ब्लेडने साफ करा, पण कड खरवडू नका. तडा तिथूनच सुरू होतो.

एम-५ स्क्रूला ५ मिलिमीटरचं भोक. आधी ३ चं पाडून मग ५ चं करा, सरळ येतं. एका पट्टीचं एक भोक पाडा, स्क्रू बसवा, मग दुसऱ्याची खूण करा. दोन्ही खुणा आधीच करून ठेवल्या की दुसरं भोक केसभर चुकतं आणि पट्टी बसत नाही.

रिव्हेट की नट-बोल्ट?

हात पोचत असेल तर नट-बोल्ट, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आतून रुंद वॉशर आणि त्याच्या खाली सायकलच्या ट्यूबचा गोल कापलेला तुकडा. ट्यूबचं रबर पाणी अडवतं आणि ओढ पसरवतं. नायलॉक नट लावा, साधा नट हादऱ्यांनी सैल होतो. रबर किंचित फुगलं की आवळणं थांबवा.

हात पोचत नसेल तिथे रिव्हेट. पण अॅल्युमिनियमच्या खिडक्यांना मारतात ते साधे रिव्हेट मऊ प्लास्टिकमधून ओढले जातात, कारण आतल्या बाजूला त्यांचा फुगवटा फार लहान होतो. तीन पाकळ्यांत फाकणारे रिव्हेट येतात, ते घ्या. ते मिळेनात तर रबरी वेल-नट वापरा, स्क्रू आवळला की आत रबर फुगून बसतं.

भोक न पाडता इपॉक्सीने चिकटवलं तर?

कयाक पॉलिथिनची असते. पॉलिथिनला घरातला कुठलाच गोंद धरत नाही, इपॉक्सीही नाही. वाळल्यावर दगडासारखी घट्ट वाटणारी पट्टी नखाने उचकटून निघते. सिलिकॉन फक्त स्क्रूभोवती फट बुजवायला. तेही व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं आम्ल धातूला खातं.

पाणी झिरपतंय का हे कसं बघू?

काम झाल्यावर बादलीभर पाणी कयाकच्या पोटात ओता आणि तिला त्या कुशीवर कलती ठेवून चहा घेऊन या. भोकाभोवती बाहेर कोरडं असेल तर आतही कोरडंच राहील.

दोरी ओवायचा क्रम काय?

इथे बहुतेकजण गोंधळतात, म्हणून सावकाश वाचा.

वेढ्याला दोन पदर असतात, एक आतला (तुमच्याकडचा), एक बाहेरचा. कडी फक्त बाहेरच्या पदरावर फिरते. पॅड-आयमधून फक्त आतला पदर जातो. दोन्ही पदर पॅड-आयमधून ओवले तर कडी तिथे येऊन अडकते आणि पुढे जात नाही.

दोरीचं एक टोक कडीला बोलाइन गाठीने, म्हणजे न सरकणाऱ्या फाशाने, बांधा. दुसरं टोक पुढच्या कप्पीतून घाला, मागे वळवून दोन्ही पॅड-आयमधून घ्या, मागच्या कप्पीतून फिरवा आणि बाहेरच्या अंगाने परत कडीपाशी आणून तिलाच बांधा. म्हणजे वेढ्याला मध्ये वेगळी गाठ येतच नाही, कडी हाच सांधा. कापलेली टोकं लायटरवर किंचित वितळवून बंद करा.

शेवटची गाठ कायमची करण्याआधी कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा. गाठीचं शेपूट कप्पीत शिरून अडकत असेल तर कापून आखूड करा, पण बोटभर तरी राहू द्या.

मध्ये बंजी घालतात ती कशाला? गरज आहे का?

मागच्या कप्पीला हँडलशी थेट न बांधता बंजीच्या तुकड्याने बांधलं की दोन फायदे होतात. वेढा कायम ताणलेला राहतो, आणि लाटेचा झटका थेट हँडलला न बसता बंजी खाते.

पण बंजी हा उन्हात आधी मरणारा भाग आहे. बाहेरचं कापड शाबूत दिसतं, आतलं रबर तुकडे तुकडे झालेलं असतं. म्हणून बंजीच्या जोडीला साध्या दोरीचा एक सैल फासा त्याच कप्पीतून हँडलला बांधा. बंजी पूर्ण ताणली गेल्यावर जिथपर्यंत येते, तेवढीच या फाशाची लांबी. बंजी तुटली तर कप्पी फाशावर येते, वेढा सैल पडतो, पण कयाक टोकानेच धरलेली राहते. या सगळ्या जोडणीत कुठला भाग आधी तुटावा, हे तुटायच्या आधी तुम्ही ठरवलेलं असावं. नांगराच्या बाबतीत हाच मुद्दा परत येईल.

क्लीट कुठे आणि किती?

बसल्यावर मांडीच्या बाजूला, डोळे मिटून हात जाईल तिथे. तिला दोन कामं असतात: वेढा पकडून कडी जागेवर ठेवणं आणि नांगराचा दोर पकडणं. एकाच क्लीटवर दोन्ही बसवता येतं, पण अंधारात कुठला दोर सोडतोय ते कळत नाही. जमलं तर दोन लावा. दोर दाबून धरणारी, एका झटक्यात सुटणारी क्लीट निवडा. आठच्या आकड्यासारखे वेढे घालायची जुनी क्लीट मजबूत खरी, पण सोडवायला वेळ लागतो, आणि कधी कधी तेवढा वेळ हाताशी नसतो.

नांगर किती वजनाचा? विहिरीतून बादली काढायचा गळ घरात पडून आहे.

कयाकला दीड किलोचा, चार पंजांचा, घडी होणारा नांगर पुरतो. त्याला मीटरभर साखळी जोडा. साखळीच्या वजनाने ओढ आडवी राहते आणि पंजे तळाला रुततात. साखळी न लावता नांगराचंच वजन वाढवत नेणं हा उलटा मार्ग आहे.

विहिरीचा गळ मोहात पाडतो, मान्य. पण त्याचे आकडे आत वळलेले असतात, वस्तू पकडून न सोडण्यासाठीच तो घडवलेला. खडकात किंवा बुडालेल्या खोडात एकदा घुसला की तिथेच राहील. आजीचा गळ विहिरीलाच ठेवा.

मऊ गाळ असलेल्या उथळ पाण्यात नांगराचीही गरज नसते. दीड-दोन मीटरचा बांबू कडीतून गाळात रोवला की कयाक जागेवर. आवाज नाही, मासे बिचकत नाहीत. मरळीच्या मागे पाणवनस्पतींत फिरणाऱ्याला तर हेच बरं.

दोर किती लांब?

पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट सोडावा लागतो. वारा असेल तर पाचपट. चार-पाच मीटर खोलीसाठी २५ मीटरचा दोर जवळ असू द्या. तेवढ्यात नांगर धरत नसेल तर खोली जास्त आहे, जागा बदला. धरणाच्या मधोमध खोल पाण्यात कयाक नांगरायचा हट्ट कशासाठी?

नांगर तळाला अडकला तर?

अडकणारच. धरणाच्या पाण्याखाली कधीकाळची शेतं, बांध, विहिरी आणि झाडांची खोडं असतात. इंदिरा सागरासाठी २००४ मध्ये अख्खं हरसूद शहर उठलं. अशा तळावर नांगर सुटून येईल अशी तजवीज आधीच करावी लागते.

साखळी नांगराच्या वरच्या कडीला न जोडता खालच्या बुडाला, पंजे जिथे एकत्र येतात तिथे जोडा. मग साखळी दांड्याला लावून वर आणा आणि वरच्या कडीला एका केबल टायने बांधा. एरवी ओढ वरूनच लागते. नांगर अडकला की जोरात ओढा: केबल टाय तुटतो, ओढ बुडाला लागते आणि नांगर उलटा होऊन मागे निघतो. हाताला जमेल तेवढ्या ओढीला तुटेल असा बारीक टाय निवडा. जाड टाय लावून ‘मजबूत केलं’ म्हणणाऱ्याने सगळी युक्तीच घालवली. सुटे चार टाय लाइफ जॅकेटच्या खिशात असू द्या.

ओढताना कडी टोकाला असू द्या, मधोमध नाही. बाजूने ओढून नांगर सोडवायला गेलात तर कयाक सुटत नाही, कलंडते.

मच्छीमारांच्या जाळ्यांपासून लांब राहा. पाण्यावर रांगेत तरंगणाऱ्या बाटल्या किंवा थर्मोकोलचे तुकडे दिसले की खाली जाळं आहे. नांगर त्यात गेला तर त्यांचं पोट फाटतं, आणि भांडण झालं तर बरोबर तेच असतात.

नांगर टाकलेला आहे आणि मोठा मासा लागला. आता?

यासाठीच दोराच्या तुमच्याकडच्या टोकाला एक तरंगी बांधून ठेवायची. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट, वर भगवा रंग. मासा लागला की क्लीट सोडा, कॅन पाण्यात टाका. दोर सळसळत निघून जातो, कॅन नांगराची जागा दाखवत तिथेच तरंगतो, आणि तुम्ही माशामागे मोकळे. कॅनची कडी-गाठ ट्रॉलीच्या कडीतून जाणार नाही, म्हणून दोराचं टोक आधी कडीतून ओवून मग कॅराबिनरने कॅनला अडकवा, आणि सोडताना कॅराबिनर काढून, दोर मोकळा करून पुन्हा अडकवा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तेवढ्यात मासा गावाला पोचतो. सोपं करा: नांगराचा दोर कडीतून न ओवता कडीला लावलेल्या दुसऱ्या, दाबून उघडणाऱ्या कॅराबिनरमधून घ्या. कॅन सोडायचा तर कडी हाताशी ओढा, कॅराबिनर दाबा, दोर बाहेर.

आणि एक चाकू, दातेरी पात्याचा, लाइफ जॅकेटच्या छातीवर. डब्यात नाही, सीटखाली नाही. दोर कापायची वेळ आली तर डबा उघडायला सवड नसते.

नर्मदेत नांगर टाकायचा का?

महेश्वरजवळ सहस्रधारेला २०२३ च्या खेलो इंडिया स्पर्धेत कयाकच्या शर्यती झाल्या, त्यामुळे पुष्कळांना वाटतं की कयाक आणि नर्मदा हे जमलेलं गणित आहे. ते खेळाडू वाहत्या पाण्यातून जात होते, पाण्याला बांधून घेत नव्हते. नांगरलेली कयाक पाण्याबरोबर जाऊ शकत नाही, हाच सगळा फरक.

वरच्या अंगाला धरणं आणि वीजघरं आहेत. पाणी सोडलं की नदीची पातळी आणि ओढ बदलते, आकाशात एक ढग नसताना. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला अमावास्येच्या यात्रेत स्नानाला उतरलेले लोक असेच अचानक आलेल्या पाण्यात वाहून गेले. ते तर काठावर होते.

माझा नियम असा: पाणी हळू चालणाऱ्या माणसाच्या गतीने जरी वाहत असलं, तरी नांगर टाकायचा नाही. पाण्यावर पडलेल्या पानाबरोबर काठाने चालून बघा, तेवढी परीक्षा पुरते. संथ डोहात टाकायचाच असेल तर आधी कडी हाताशी घ्या, नांगर सोडा, लगेच कडी टोकाला न्या आणि मगच दोर आवळा. कडी मधोमध असताना दोर कधीही आवळायचा नाही. उचलताना उलट क्रम, आणि तेव्हा ढिलाई फार होते. नर्मदेत मगरी आहेत हेही लक्षात असू द्या. आणि घाटांवर स्नान-पूजा चालू असते, तिथून गळ टाकणं शोभत नाही.

वाऱ्याकडे पुढचं टोक करू की मागचं?

हलक्या वाऱ्यात मागचं. नांगर पाठीमागे राहतो, समोरचं पाणी मोकळं आणि गळ वाऱ्याबरोबर लांब जातो. लाटा उठू लागल्या की पुढचं टोक वाऱ्याकडे करा, कारण मागची सामान ठेवायची जागा ठेंगणी असते, लाट सरळ आत येते. बसल्या जागेवरून हा बदल करता यावा म्हणून तर ट्रॉली लावली. लाटांवर पांढरे फेस दिसू लागले की मात्र टोक बदलत बसू नका, नांगर उचला आणि काठ गाठा.

माझी कयाक हवा भरायची आहे.

भोकाचा प्रश्नच नाही. तिला बहुधा जागोजागी डी आकाराच्या कड्या असतात. पुढची आणि मागची कडी धरून कप्प्या कॅराबिनरने अडकवा, बाकी सगळं तेच. नांगर मात्र पंजे मिटूनच आत-बाहेर करायचा, आणि आत ठेवताना जाड कापडी पिशवीत. पंजा आणि हवेची नळी यांची गाठ पडू देऊ नका.

वल्हं सारखं दोरीला लागतं.

वेढा सैल आहे किंवा पॅड-आय फार वर आहेत. वेढा आवळा. तरी लागत असेल तर ट्रॉली कमरेच्या जागी दोन बोटं खाली घ्या, पाण्याच्या रेषेच्या वर राहील एवढं बघून.

गाडीच्या टपावर नेताना काढायची का?

वेढा राहू द्या, पण क्लीटवर घट्ट करा. सैल दोरी घाटातल्या वाऱ्यात टपावर फडफडत राहते आणि बडवाहपर्यंत डोकं उठवते. नांगर टपावर नको, डिकीत.

बंद काळात देखभाल काय करायची?

१६ जूनच्या आधीच वेढा सोडून साध्या पाण्यात धुवा आणि सावलीत वाळवा. कप्प्यांची चाकं फिरवून वाळू काढा. बंजी ताणून बघा, आतून कुरकुर आवाज आला की बदला, चांगली दिसत असली तरी. नट आतून हाताने चाचपा, फिरत असतील तर आवळा. कडीजवळच्या दोन गाठींशी दोरी केसाळ झाली असेल तर अख्खा वेढा बदला, मध्ये जोड देऊ नका, तो कप्पीतून जाणार नाही. जुना वेढा मात्र नवा कापून होईपर्यंत फेकू नका, मापाला तोच लागतो.